बाबाची सही

लेक्सिंग्टन, १२ जुलै

प्रिय वर्ना आत्यास,
सा. न. वि. वि.

इथे येऊन तीन आठवडे झाले. वसतिगृहाच्या खानावळीत काम मिळालंय. हे लोक मक्याच्या पावात चक्क साखर घालतात. तू पाहिलंस तर भांडशील.

पण गाडं अडलंय. कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदतीच्या अर्जावर बाबाचं उत्पन्न आणि सही हवी. आई गेली तरी बाप हयात आहे, म्हणून नियमाने मी त्याच्यावरच अवलंबून, मग सांभाळलं कुणीही असो. तू कोर्टातून माझं पालकत्व घेतलं असतंस तर प्रश्नच नव्हता, पण आपल्या डोंगरदरीत घरच्या पोरीसाठी कोर्टाची पायरी कोण चढतं? मदत कार्यालयातल्या श्रीमती प्रॅट म्हणाल्या, बापाने टाकलं असेल तर स्वतंत्र विद्यार्थिनी धरता येईल. संपर्क आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं: दर वाढदिवसाला बाबाचं कार्ड येतं, मी उत्तर लिहिते, आत्या ते पोचवते. झालं, त्यांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा बाबाचा पत्ता लगेच कळव. एक ऑगस्टपर्यंत सही आली नाही तर प्रवेश जाईल. फार भीती वाटते गं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी रेलिन


१९ जुलै

चि. रेलिन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. घेवड्याच्या बरण्या भरायच्यात, असं स्वतःला सांगत मी उत्तर टाळलं.

पोरी, पत्ता नाही. कधीच नव्हता. शनिवारी येतो म्हणून तुझा बाप डॉयल तुला माझ्या ओसरीवर सोडून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तू दिवसभर पत्रपेटीपाशी बसून होतीस. मला बघवेना. पुढच्या वर्षीपासून कार्ड मीच लिहिलं, डाव्या हाताने. शिक्का परगावचा पडावा म्हणून नदी ओलांडून ओहायोत जाऊन टाकायची.

तुझी उत्तरं मी फोडून वाचली. तू विचारलेल्याला पुढच्या कार्डात उत्तर नको का? सगळी सोबत पाठवतेय, त्या बाईंना दाखव. शपथपत्रही आहे: माझ्या भावाने पोर टाकली, आणि त्याच्या नावाने खोटं मी लिहिलं. नोटरीने ते वाचलंय, म्हणजे रविवारी अख्ख्या चर्चला ठाऊक असेल. असू दे. मला वाटेल ते बोल, पण मुदत चुकवू नकोस.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
वर्ना आत्या


लेक्सिंग्टन, २७ जुलै

प्रिय आत्यास,
सा. न. वि. वि.

मंजूर झालं. कागदोपत्री मी आता स्वतंत्र आहे.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अकरा वर्षांत त्याने साधी चौकशी केली नाही, आणि मी वेडी त्याला माझे मार्क कळवत होते. तुझा भयंकर राग आला. अजून आहे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येईन तेव्हा आपण भांडणार आहोत.

श्रीमती प्रॅटनी माझी सगळी पत्रं वाचली. आठवीत मी बाबाला विचारलं होतं, गणित सोडू का? सोडलंस तर कान उपटीन, असं उत्तर आलं होतं. बाबाला माझी किती काळजी, म्हणून ते कार्ड उशाखाली घेऊन झोपायची मी. हे सांगताना मला रडू फुटलं, तर बाईंचेही डोळे भरून आले.

पत्रं परत हवीत का, असं त्यांनी शेवटी विचारलं. मी म्हटलं, राहू देत फायलीत. ज्या माणसाने वाचायची, त्याने ती केव्हाच वाचलीत.

लोभ होता तसाच असू दे.
तुझीच,
रेलिन