सतरावा सीन

रत्नागिरी
शुक्रवार, ९ मे

प्रिय अजिंक्यदादा,

पत्र बघून दचकशील. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहितेय. मी पुण्यात नाही. परवाच रत्नागिरीला आले, माझ्या मैत्रिणीच्या, रसिकाच्या खोलीवर उतरलेय. आप्पांना अजून ठाऊक नाही.

पटकथालेखनाच्या एम.ए.चं शेवटचं सत्र चालू आहे. आप्पांचा नकार होता, तू भांडलास म्हणून मी तिथवर पोचले. ते मी विसरलेले नाही. या सत्रात पूर्ण पटकथा द्यावी लागते. मी आपल्या पावसच्या बागेवर लिहिली. सतराव्या सीनमध्ये आंबे काढणारा गडी कलमावरून पडून मरतो. जानूबद्दल आपण सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं, अगदी तसंच. वर्गात वाचून झालं, तरी नम्रता मॅडम कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "निशिगंधा, झाडावरून पडलेल्या माणसाच्या मनगटांवर दोरीचे वळ कसे?" मी पाहिलं. ते मीच लिहिलं होतं, आणि कधी लिहिलं ते आठवेना. मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "जे घडलं ते लिही," एवढंच म्हणाल्या.

मग मी दार लावून लिहिलं. दोन वर्षांपूर्वीची ती भर दुपार. वीस पेट्या नाहीशा झालेल्या. तू आणि तुझ्या त्या मित्राने, रितेशने, जानूला सुंभाने कलमाला बांधलं. "आयच्यान दादा, मी नाय नेलं," तो सांगत होता. आंबे काढायच्या घळाची काठी रितेशने त्याच्या नडग्यांवर मोडली. तिचं तुटकं टोक तू उचललंस. पहिल्याच फटक्याला त्याचे दात पडले. काठीला केस चिकटले, तरी तू थांबला नाहीस. तो ओरडायचा बंद झाला, तरी मारत होतास. मी पाण्याची कळशी घेऊन दहा पावलांवर उभी होते. एकदा तू वळून माझ्याकडे बघितलंस. 'दादा, पुरे' म्हणायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी कळशी खाली ठेवली आणि घरात गेले. संध्याकाळी दवाखान्यात जानू गेला. तिसऱ्या दिवशी पेट्या सापडल्या. टेंपोवाल्याने चुकून दुसऱ्याच बागेत उतरवल्या होत्या. घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. माझ्या शिक्षणासाठी तू आप्पांशी भांडलास ते त्याच महिन्यात. का, ते मी तुला कधी विचारलं नाही.

ती पानं मी मॅडमना दिली नाहीत. काल जानूच्या बायकोकडे, काशीकडे घेऊन गेले. जानूमागे ती आंब्याच्या कारखान्यात कामाला जाते. पायरीवर बांगडे साफ करत बसली होती. मी वाचून दाखवलं. तिचे हात थांबले नाहीत. "म्हायत हाय मला," ती म्हणाली. "दवाखान्यात त्यांचे हात माझ्याच हातात होते. वळ काय मी बघितले नाय? पण माझं कोण ऐकणार? तुम्ही उभ्या होता तिथं." मग तिने मला बसायला पाट दिला. मला त्यावर बसवेना.

सोमवारी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तुझं नाव सांगेन, रितेशचं सांगेन, आणि तेव्हा मी खोटा जबाब दिला होता तेही. रसिकाचा भाऊ सुहास आज तुमच्या मुंबईला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. तुला पळायला वेळ मिळावा म्हणून नाही. मला अडवायला येऊ नकोस. पानांची एक प्रत वकिलांकडे आहे. सख्ख्या भावाला असं लिहावं लागतंय, पण त्या दुपारचा तुझा चेहरा मी पाहिलाय. पोलीस तुझ्या दाराशी येण्याआधी तू आपल्या पायांनी यावंस, एवढ्यासाठीच हे लिहिलं. सोमवारी सकाळी दहापर्यंत मी एसटी स्टँडवर उभी असेन. आलास तर तुझा हात धरून ठाण्याची पायरी चढेन. नाही आलास, तर काशीचा धरून.

तुझीच,
निशी