नाडी लागत नव्हती

१३ सप्टेंबर
आले एकदाची! दोब्रिंका मावशीने दारातच कवटाळलं आणि लगेच मिरच्या भाजायला बसवलं. अंगणभर धूर, दोघींचे डोळे लालभडक. परवापासून इथल्या शाळेत मी भूगोल शिकवणार. सोफिया शहरातल्या माझ्या त्या कोंदट खोलीपुढे हे घर म्हणजे चैनच! फक्त फार शांत. दाराला बेल नाही. फोन गोधडीत गुंडाळून कपाटात. गजराचं घड्याळ मागितलं, तर मावशी म्हणाली, ‘‘मी उठवीन गं, हळूच.’’ आई गेल्यापासून एवढ्या मायेनं कुणी बोललं नव्हतं.

१८ सप्टेंबर
शाळेची घंटा नेमकी माझ्या वर्गाच्या दारावर. आज ती खणखणली आणि मी जमिनीवर. डोळे उघडले तर मुलं भिंतीला चिकटलेली. मी लगेच विचारलं, नकाशा कुणी पाडला? गावातल्या डॉक्टरांनी ‘हातपाय झटकले’ एवढंच ऐकलं आणि निकाल दिला: फेफरं. गोळ्या सुरू.

२ ऑक्टोबर
गोळ्या घेऊनही परत पडले. पुन्हा घंटेलाच! व्यायामशिक्षक स्तिल्यान शेजारी होते. त्यांना खोदून खोदून विचारलं. आधी मी पांढरीफटक पडले, कोसळले, मग दोन-चार झटके. जीभ चावली नाही. उठले ती शुद्धीवरच. त्यांच्या काकांना फेफरं यायचं. ते निळे पडत, जीभ रक्ताळे, नंतर कितीतरी वेळ स्वतःचं नाव सांगता येत नसे. मग म्हणाले, ‘‘बाई, खरं सांगू? तुमची नाडी लागतच नव्हती.’’

१० ऑक्टोबर
मावशी शेवटी बोलली. आई फोनच्या आवाजासरशी गेली. आजी चर्चच्या घंटेखाली. दोघींनाही फेफऱ्याच्याच गोळ्या होत्या. मावशी म्हणते, ‘‘ते आवाजातून बोलावतं. म्हणून मी घर मुकं केलं.’’ अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग संताप. बोलावणारं कुणी नाही! आमच्या छातीतच काहीतरी बिघडलंय.

१२ ऑक्टोबर
मुख्याध्यापिका राजीनामा मागतायत. देत नाही जा! डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवू. मी त्यांच्या दवाखान्यात बसकण मारली: डोकं पुरे, आता हृदयाचा आलेख काढा, तोवर हलत नाही. हसत हसत काढला. मग हसू मावळलं. प्रत्येक ठोक्यानंतर माझं हृदय सावरायला फार वेळ घेतं. तेवढ्यात दचकले की ते नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. फेफरं कधी नव्हतंच. हे जन्मजात, आईकडून आलेलं —
म्हणजे मावशीलाही?

१५ ऑक्टोबर
प्लॉवदिव शहरातलं मोठं इस्पितळ. मला खरं औषध मिळालं. मावशीला ओढत आणलंय. तारा लावून घेताना नर्सला टोमणे चाललेत — हात इतके गार, नवरा पळाला असेल तुझा!
कागद सरकतोय. डॉक्टर वाकले.
हुबेहूब माझाच आलेख.
आता त्या आवाजातून बोलावणाऱ्याला म्हणावं, ये, काय बोलवायचंय ते बोलव. इथे आम्ही —
बाहेर ट्रे पडला — केवढ्यांदा —
मावशी पांढरी. झटके. नर्स ओरडली, फेफरं! मी ओरडले — नाही! हृदय! —
हृदयाला विजेचा धक्का द्यायचं यंत्र आणलं. हात सोडा म्हणतायत. सोडला हात. पण मावशीला नाही सोडणार —