थ्रप घराण्याचा मान

१० जुलै, रविवार. दुपार.
आज चर्चमध्ये पाद्रीबाईंनी जाहीर केलं. आमच्या विंथर्बी गावची बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांची नोंदवही सुरू झाली १५६१ साली. म्हणजे यंदा साडेचारशे वर्षं झाली. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, सुगीच्या प्रार्थनेत, गव्हाच्या पेंढीसारखा भाजलेला तो मोठा पाव वेदीपर्यंत नेण्याचा मान गावातल्या सर्वांत जुन्या घराण्याला. शिवाय बसायला पहिला बाक. पुरावा नोंदवहीतूनच द्यायचा, पिढी न् पिढी. मुदत १५ सप्टेंबर.

ऐकताच सगळ्यांच्या माना लायोनेल ग्रिमवुडकडे वळल्या. लायोनेल दातांचा डॉक्टर होता, आता रिटायर्ड. आमच्या समोरच राहतो. त्याने खाली बघून नम्रपणे हसून घेतलं. हे नम्र हसू मी चौतीस वर्षं सहन करतोय. गावच्या बागप्रदर्शनात घेवड्याला पहिलं बक्षीस याचं, गुलाबाला याचं. आता पूर्वजांतही यालाच द्या. ग्रिमवुड घराणं म्हणे १६८७ पासून गावात आहे. म्हणे!

माझा जळफळाट वगैरे काही होत नाही. सत्य बाहेर यावं एवढंच वाटतं. थ्रप घराणं त्याच्याहून जुनं असणार. आमच्या कपाळावरूनच कळतं.

११ जुलै, सोमवार.
योजना तयार. साडेचार शतकं. रोज एक शतक. शुक्रवारी दुपारी जेवणापर्यंत १५६१. शनिवारी विश्रांती.

ऑड्रीला दाखवली. बायको म्हणून काही उत्साह? म्हणाली, आधी ती गटाराची जाळी साफ कर, मग एलिझाबेथ राणीपर्यंत जा.

१४ जुलै, गुरुवार.
जिल्ह्याच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलो. दारातच पेन काढून घेतलं. आत फक्त पेन्सिल चालते. बस कंपनीच्या वेळापत्रक खात्यात मी एकतीस वर्षं काढली, माझ्या हातात पेन्सिल द्यायची कोणाची हिंमत नव्हती. पण वाद घातला नाही.

जुनं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन तासांत सहा शब्द लागले. त्यातले दोन 'आणि'.

लायोनेल आधीच तिथे! खिडकीजवळच्या टेबलावर. तिथली बाई त्याला नावाने हाक मारते. त्याची वही उशीवर ठेवून देते, पानं दाबायला मण्यांची माळ देते. मला म्हणाली, तुमचं बोट ओलं करू नका. त्याने लांबून हात केला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. पाठ धरली आहे, ती त्या खुर्चीमुळे.

१९ जुलै, मंगळवार.
ऑड्रीला सोबत नेलं. तिला जरा बाहेर पडायला मिळावं म्हणून. ती औषधांच्या दुकानात सव्वीस वर्षं होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिला कुठलंही अक्षर लागतं. १७०२ सालचं पान तिने वर्तमानपत्रासारखं घडाघडा वाचलं. ठरलं. वाचायचं तिने, संशोधन मी करायचं.

मधे चहाला दोनदा खाली जाऊन आलो. सतत विचार करणाऱ्या माणसाला चहा लागतो. ती वाचतच बसली होती, काहीतरी लिहून घेत होती. लायोनेल तिच्या टेबलाशी वाकून उभा! एक शब्द अडला होता म्हणे, तो त्याने तिला विचारला. तिने सांगितला. दोघं हसले. सतराव्या शतकातल्या एका शब्दात हसण्यासारखं काय असतं?

२ ऑगस्ट.
निकाल असा. नोंदवहीतला पहिला थ्रप म्हणजे जोसाया. १८७१, लग्न. दलदलीचे पाट खणायला बाहेरून आलेला मजूर. त्याच्या आधी एकही थ्रप नाही.

ऑड्री म्हणाली, मग आपण नवखे. म्हटलं, नवखे नाही, नोंदी गहाळ आहेत. १६२० च्या सुमाराची सात पानं उंदरांनी खाल्ली आहेत. थ्रप त्यातच असणार. नेमकी तीच पानं का खाल्ली, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

९ ऑगस्ट. सकाळी ११.४०.
सापडला! टॉमस थ्रप, १७४३! लग्न-बाप्तिस्म्यात नाही, गावाच्या जुन्या कागदांच्या पेटीत. टॉमस, बायको, चार मुलं. नोंदवहीत नसला तरी गावात होता, हे तर सिद्ध झालं!

त्याच दिवशी. १२.१५.
ऑड्रीने उरलेला कागद वाचला. त्या काळी दुसऱ्या गावचं गरीब कुटुंब आपल्या गावावर बोजा होईल असं वाटलं की त्यांना हाकलून द्यायचे. हा तसा हुकूम होता. थ्रपांना विंथर्बीत राहायचा हक्क नाही, सबब त्यांची त्यांच्या मूळ गावी रवानगी करावी. खाली गावच्या दोन कारभाऱ्यांच्या सह्या. एक सही ग्रिमवुडची.

वाटलंच होतं. हे वैर जुनं आहे.

मात्र लक्षात घेण्यासारखी गोष्ट: टॉमसला गाडीतून नेलं, पायी नाही. सोबत गावचा अधिकारी. माझ्या मते हा निरोपसमारंभ होता. ऑड्री दुसऱ्याच वहीत शिरली होती.

१६ ऑगस्ट.
दिशा बदलली. आपल्याला वर जाता येत नसेल तर समोरचा खरंच तितका वर आहे का, हे तपासणं प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. यात द्वेष नाही. त्याच्या गुलाबांविषयीही माझ्या मनात काही नाही, फक्त एवढे मोठे गुलाब बरे दिसत नाहीत.

२४ ऑगस्ट, बुधवार.
हा दिवस मी विसरणार नाही.

ग्रिमवुडांचा मूळपुरुष नॅथनिएल. लग्न: मे १६८७. पहिला मुलगा रॉबर्ट, बाप्तिस्मा: फेब्रुवारी १६८७.

पुन्हा वाचलं. ऑड्रीकडूनही वाचून घेतलं. फेब्रुवारी १६८७. मे १६८७. मुलगा आधी, लग्न तीन महिन्यांनी!

खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. लायोनेलचा अख्खा वंशवृक्ष चोरट्या मुळावर उभा. चौतीस वर्षांचं नम्र हसू!

त्या काळचा कारकून मात्र गबाळा. फेब्रुवारी १६८७ ची नोंद त्याने डिसेंबर १६८७ च्या खाली केली आहे. अख्ख्या वहीत तसंच. आमच्या खात्यात असा क्रम लावणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. ऑड्री म्हणाली, एडविन, ते वर्ष जरा... मी तिला थांबवलं. तारखा मला शिकवू नकोस म्हटलं. ती पुन्हा आपल्या वहीत वाकली. हल्ली तिचं स्वतःचंच काहीतरी चाललेलं असतं.

३० ऑगस्ट.
भाषण लिहितोय. सुरुवातीला दुःख व्यक्त करायचं. मग तारखा. आरशासमोर दुःखी चेहरा जमत नाही, सारखं हसू फुटतं.

६ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.
गावच्या इतिहास मंडळाची सभा. तेवीस जण. लायोनेल पहिल्या रांगेत.

मी उभा राहिलो. म्हटलं, अत्यंत जड अंतःकरणाने सांगावं लागतंय. तारखा सांगितल्या. फेब्रुवारी. मग मे. थांबलो. परिणाम होऊ दिला.

कोणी चकित झालं नाही. एकमेकांकडे बघायला लागले. मग पाद्रीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, एडविन, त्या काळी आपल्याकडे नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी यायचे. म्हणजे मेमध्ये लग्न, आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत मूल. बरोबर नऊ महिने. मागून मिसेस टॅपली म्हणाली, नोंदवही दोन दिवस चाळली की हे कोणालाही कळतं. कोणीतरी विचारलं, एडविनभाऊ, तुमच्या बसही अशाच सुटायच्या का?

सगळे हसले. ऑड्री हसली नाही. ते जास्त लागलं.

लायोनेल उठून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, अरे, मीही सुरुवातीला हीच चूक केली होती, एक अख्खा हिवाळा मी स्वतःला अनौरस समजत होतो. आणि वर माझ्यासाठी चहा घेऊन आला. दोन साखर. माझ्या चहात किती साखर लागते हे त्याला माहीत आहे! शिव्या दिल्या असत्या तर मी माफ केलं असतं. त्या चहाला माफी नाही.

७ सप्टेंबर.
संशोधन बंद. पूर्वजांच्या जिवावर मोठेपणा मिरवणं मला पहिल्यापासूनच आवडत नाही.

ऑड्रीला विचारलं, हे पंचवीस मार्चचं तुला माहीत होतं? हो म्हणाली. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगत होते.

१८ सप्टेंबर, रविवार.
पाद्रीबाईंनी निकाल वाचला. मी शूज बघत बसलो होतो. ग्रिमवुड हे नाव ऐकायची तयारी केली होती.

नाव आलं: ऑड्री थ्रप.

मी पटकन उभा राहिलो. थ्रप म्हटल्यावर माणूस उभा राहणारच. ऑड्रीने बाही धरून खाली बसवलं.

तिच्या आईचं घराणं क्विबेल. गिरणीवाले. नोंदवहीचं पहिलं पान, तिसरी ओळ: एलिस क्विबेल, बाप्तिस्मा १५६१. तिथपासून आजोबा अँब्रोजपर्यंत, मग आई, मग ऑड्री. चौदा पिढ्या, एकही ओळ न तुटता. मी चहाला जायचो तेव्हा तिने हे केलं!

मी म्हटलं, आईकडचं कसं चालेल? पाद्रीबाई म्हणाल्या, बायकांनाही बाप्तिस्मा देत होतो आम्ही.

घरी येताना विचारलं, मला काही बोलली का नाहीस. म्हणाली, तू विचारलं नाहीस. मला राग येत होता. चौतीस वर्षं माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर जेवणारी बाई माझ्याहून तीनशे दहा वर्षांनी जुनी निघाली.

१९ सप्टेंबर.
शांतपणे विचार केला. मानाचा पाव दोघांनी धरायचा असतो, एवढा जड असतो. दुसरं टोक अर्थातच नवऱ्याचं. पहिल्या बाकावर मी आतल्या बाजूला बसेन, म्हणजे लायोनेलला माझी मान नीट दिसेल. नवा टाय घेतला. निळा.

२६ सप्टेंबर.
घरात ब्रेडबोर्डवर विटा ठेवून चालण्याचा सराव केला. मुद्रा: गंभीर, पण प्रसन्न. ऑड्री बघत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. म्हटलं, नंतर.

२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३.
पाव नेणारी दोन्ही माणसं त्या घराण्याच्या रक्ताची हवीत असा नियम आहे. ऑड्रीला हेच सांगायचं होतं म्हणे. १७९० मध्ये एका ग्रिमवुडने क्विबेलांची मुलगी केली होती. म्हणजे लायोनेल तिचा सातव्या पिढीतला भाऊ. सभेत मी जे केलं त्यानंतर त्याला हा मान देणं तिला योग्य वाटलं.

मी चौथ्या बाकावर, खांबाच्या मागे. पाव नीट दिसला नाही. लायोनेल दिसला. नम्र हसत होता. तिच्या पावलाशी पाऊल जुळवून हळू चालत होता. पोटात दुखायला लागलं. सकाळी खाल्लेल्या किपर माशामुळे असेल.

बाहेर फोटो काढताना फोटोवाल्याने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. मग सभ्यपणे विचारलं, तुम्ही इथलेच का. म्हटलं, १८७१ पासून. असं होय, म्हणाला, मग जीव रमला का इथे?

आता ऑड्री समोरच्या घरी आहे. लायोनेल तिला गिरणीचा जुना नकाशा दाखवतोय. खिडकीतून दिसतं. ती हात हलवून काहीतरी सांगते आहे, आणि तो मधे एक अक्षर न बोलता ऐकतोय. तिच्याकडे सांगण्यासारखं एवढं आहे हे मला माहीत नव्हतं. त्याला कसं कळलं? मला त्याचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. ही वही कोणी वाचत नाही.

४.२०
अजून तिथेच. दुपारच्या जेवणाचं मांस थंड झालं. मी ठरवलं आहे: ती आली की मीही विचारणार. तिच्या आजोबांविषयी. अँब्रोज क्विबेल कसा माणूस होता, काय करायचा, कसा बोलायचा. लायोनेलला हे विचारता येतं तर मला का नाही. आणि मधे बोलणार नाही.

५.४५
आली. विचारलं.

कोट काढता काढता थांबली. म्हणाली, आपल्या लग्नात ते तुझ्याच शेजारी बसले होते, एडविन. तासभर तूच बोलत होतास.