खिंडीत उभी पोरगी

५ मे २०२५

पुन्हा बर्फ! बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरचं पाणी तीनलाच संपतं, आणि मी घसा कोरडा करून वाचते आहे की कुठल्याशा खिंडीत शिपायांच्या मिशा गोठल्या. हरिभाऊ — आमचे हे — खाटेवर डोळे मिटून ऐकतात. मिटले काय, उघडे ठेवले काय, काचबिंदूनं दोन्ही नेले. दीड वर्ष झालं. तेव्हापासून रोज चार ते पाच मी यांची वाचणारी. तीस वर्षं शाळेत धडे वाचून घेतले, आता हे.

जन्मभर सरहद्दीचीच पुस्तकं. टोळ्या, पहाडी किल्ले, बंदुका, घोडे. कादंबरी असो की इतिहास, डोंगर उघडेबोडके पाहिजेत आणि माणसं आडदांड. स्वतः शिक्षण खात्यात कारकून. साहेबानं आवाज चढवला की यांच्या हातातली कपबशी वाजायची!

९ मे

वाचनालयातून रूपरावांनी दोन पुस्तकं दिली. एक इतिहास, एक कादंबरी, दोन्ही एकाच किल्ल्यावर. इतिहासात किल्लेदाराच्या बायकोवर एक ओळ — ‘त्याच हिवाळ्यात कुटुंब वारले.’ संपलं! नाव नाही, गाव नाही. कादंबरीत तर तेवढंही नाही. घोड्याला मात्र नाव आहे.

म्हणून आज वाचताना तो घोडा मारला. पुस्तकात तो शेवटपर्यंत धावतो. मी पान उलटलं आणि दरीत ढकलून दिला. आवाज जराही हलला नाही माझा.

यांचा चेहरा पडला. चहा घेतला नाही. मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते — बरं वाटलं.

१० मे

आज किल्लेदाराचा जिवलग मित्र गेला. पोटात गोळी. मरायला त्याला पूर्ण पाऊण तास लागला.

१४ मे

आता पुस्तक नुसतं मांडीवर असतं, एकाच पानावर उघडं. बाकी सगळं माझं.

किल्लेदाराला मी एक मुलगी दिली. एकुलती. तिनं खालच्या वस्तीतल्या एका पोराशी लग्न केलं, न विचारता. हे उठून बसले.

“हे पुस्तकात हाये?”

“मंग काय मी मनचं सांगून राह्यली?” मी म्हटलं.

हे परत आडवे झाले. पायाची बोटं हलत होती.

१७ मे

आज सतरा वर्षं झाली. २००८, शनिवार, दुपारचे दोन. आमच्या लेकीनं, जागृतीनं, नागपुरात कोर्टात लग्न केलं होतं. चौथ्या दिवशी एकटीच आली, सांगायला. आमच्या पिपरीत तेव्हा एवढी घरं नव्हती. समोर मोकळं मैदान, सावलीला झाड नाही. पायरीवर पाऊण तास उभी होती. दार उघडलं गेलं नाही. हे आत पुस्तकात बोट घालून बसले होते. पाऊण तासात एक शब्द नाही! मग ऑटोचा आवाज आला आणि गेला. त्यानंतर तिचं पाऊल नाही, फोन नाही.

आज चार वाजता मी वाचलं — मुलगी चौथ्या दिवशी बर्फातून खिंड चढून आली. किल्लेदारानं दरवाजाला अडसर घातला. ती बाहेर उभी राहिली.

इथंच थांबले. “घसा बसला,” म्हटलं.

१८ मे

हे जेवले नाहीत. मी आमरस दोन वाट्या घेतला.

१९ मे

मुलीला एक तास अजून उभं ठेवलं. पायाची बोटं काळी पडली तिच्या. किल्लेदार आत शेगडीशी. काय करत होता? नकाशे बघत होता!

“पोरगी वाचली का नाई, तेवढं सांग,” हे म्हणाले.

“तुमचं आवडतं पुस्तक. सबुरीनं ऐका.”

शाळेत मी असं वागले असते तर पालक धावून आले असते. इथं कोण येतं?

२१ मे

सकाळी दाढी करून देताना विचारलं, दुपारी डोळ्यांत थेंब घालताना विचारलं. “सुमती, मेली का वं ते?” आंधळ्या डोळ्यांना पाणी येतं, हे मला माहीत नव्हतं. थेंबांचंही असेल.

सांगितलं नाही. यांनी एकदा म्हणावं — माझं चुकलं, मी उठायला पाहिजे होतं. एवढंच पाहिजे मला. म्हटलं की पोरीला वाचवीन. म्हणेपर्यंत ती बर्फातच.

२४ मे

पाणी आणायला आत गेले, परतले तर पुस्तक यांच्या हातात. अंगठ्यानं पानांची जाडी चाचपत होते — वाचून किती झालं, उरलं किती. डोळे होते तेव्हाही असंच करायचे, मी कशी विसरले!

“दहा दिवस झाले, पुस्तक तिथंच हाय,” म्हणाले. रागानं नाही. “मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. घोडा मेला तवाच. हे कादंबरी मी दोनदा वाचली.”

मी पेला खाली ठेवला.

“मंग काऊन ऐकून राह्यले होते?”

“तू जागृतीचं कवा बोलशीन, वाट पाहून राह्यलो होतो. सतरा वर्षांत नाव नाई काढलं तू. मी काढलं का तू उठून जायची.” पुस्तक मिटून माझ्याकडे धरलं. “तुई गोष्ट चांगली हाय. एक जागा चुकली. उद्या मी सांगतो.”

२५ मे

नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. चार वाजता हे बोलले, मी ऐकलं. किल्लेदार भित्रा होता, जागचा उठला नाही, तेवढं खरं म्हणाले. “त्याचं चुकलंच. पण अडसर त्यानं नव्हता घातला, सुमती. मले आतून कडीचा आवाज आला होता.”

त्या दुपारी कडी मी लावली होती. शाळेत काय तोंड दाखवू म्हणून. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही.

मग यांनी जागृतीचा नंबर सांगितला. डोळे होते तेव्हाच कुठूनसा मिळवून पाठ केलेला. मी लिहून घेतला. अजून लावला नाही.