नववीची हजेरी

शुक्रवार, संध्याकाळ. आलापल्ली.

आज सुनीताला शाळेचा दाखला दिला. त्यावर फक्त आठवी पास. यंदा ती नववीत शिकली, पण आमच्या शाळेला नववीची मान्यता आलीच नाही. "यंदा मिळेल," असा भरोसा तिच्या बापाला मीच दिला होता.

"पुन्हा नववी नाई. राहू दे घरीच," बाप म्हणाला.

वर्षभर पोरीचा एक खाडा नाही. मोहाच्या दिवसांतही पहाटे फुलं वेचून शाळेत यायची. जाताना म्हणाली, "बाई, हजेरी तर तुमीच घेत होत्या. मंग वर्षभर मी कुठी होती?"

एक खाडा नाही. पण नववीची हजेरी मी पेन्सिलीनं मांडायचे. संस्थेच्या सचिवांनी तसं सांगितलं होतं. काऊन, ते मी कधी विचारलं नाही.