अपूर्वाच्या नावानं

इस्लामपूर,
१८ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. श्रद्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं दिवाळीचं कार्ड पोचलं. फोटोत अनंतचं पोट चांगलंच सुटलेलं दिसतंय. त्याला म्हणावं, तिकडं बर्फ पडलं की फावडं घेऊन तूच जा, बायकोला पाठवू नकोस. तुम्ही डिसेंबरात येणार म्हणून साताऱ्याला आईनं आत्ताच मेतकूट दळून ठेवलंय. मी म्हटलं, अगं, महिना आहे अजून. तर म्हणाली, तू तुझी पुस्तकं मोज.

ई-मेल न करता पत्र का लिहिलं, असं विचारशील. खरं सांगू? त्या मशीनसमोर बसायची मला सध्या लाज वाटते. का ते सांगते, पण जरा दमानं घे.

शाळेला कॉम्प्युटर मिळाला हे तुला ठाऊकच आहे. तो कुणाच्या ताब्यात द्यायचा यावर मिटिंग झाली आणि शेवटी आला माझ्या ग्रंथालयात, कारण कुलूप असलेली खोली तेवढीच. मी आपली हौसेनं शिकले. जगाच्या पाठीवरची माहिती शोधून, छापून मुलांना द्यायला लागले. लाईन मात्र हेडमास्तरांच्या फोनची. त्यांना फोन आला की आमचं इंटरनेट गुल. मग मी सोय काढली. मुलांनी मी जोडून दिलेल्या परदेशातल्या पत्रमित्रांना कागदावर लिहायचं, मी शनिवारी सांगलीला जाऊन इंटरनेट कॅफेत ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं आणि आलेली उत्तरं छापून आणायची.

तुमची अपूर्वा आली नववीतल्या स्वप्नालीच्या वाट्याला. पोरगी म्हसवडकडची, घरी मेंढरं, इथं आत्याकडं राहून शिकते. हुशार आहे. अपूर्वानं दोनदा छान लिहिलं, मग तिची परीक्षा, पोहण्याचे वर्ग, राहून गेलं. तिचा काही दोष नाही गं, तेराव्या वर्षी कोण पत्रं लिहीत बसतं? बाकीच्या मुलांचीही थांबली, ती विसरून गेली. स्वप्नाली विसरेना. शनिवारी संध्याकाळी एस. टी. स्टँडवर उभी राहायची. "बाई, आलं का वो काय?"

एका शनिवारी मी म्हटलं, आलंय.

कॅफेत बसून मीच लिहिलं होतं. चार ओळी. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं. पण एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. ती काय काय लिहायची! मेंढराला पायाचा रोग कसा लागतो, आत्या चहात साखर कशी कमी घालते. एकदा लिहिलं, "आमच्या लायब्रीच्या बाई लय कडक हायेत, पन हसल्या की बऱ्या दिसत्यात." ते मी सांगलीच्या कॅफेत बसून वाचलं आणि दात दाखवत घरी आले. श्रद्धा, मला ते आवडायला लागलं होतं. आमच्या शाळेत बाईंशी असं कोण बोलतं?

मग ऑगस्टात तिनं लिहिलं, "डाव्या डोळ्यानं कडंचं दिसत न्हाई. काळं काळं येतंय. कुनाला सांगू नको, तुला शप्पथ हाय. आबास्नी कळलं तर पुस्तकानं डोळं गेलं म्हनत्याल आन मला मेंढरामागं धाडत्याल."

आता काय करशील? शपथ घातली होती अपूर्वाला, आणि वाचत होते मी. सोमवारीच तिला घेऊन मिरजेला गेले. तिला सांगितलं, तू वर्गात डोळे बारीक करतेस ते मी बघितलंय. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय, अजून थोडे दिवस गेले असते तर डोळा हातचा गेला असता. उपचार झाले, डोळा वाचला. वडील आले, आकाराम म्हणून. भला माणूस. म्हणाले, "बाई, पोरगीला परत न्यायचं मनात हुतं. पन तुमच्या भरवशावर ठिवतो." माझी मान वर होईना.

परतीच्या एस. टी.त पोरीनं विचारलं, "मी वर्गात डोळं बारीक करत नव्हतेच. अपूर्वानं सांगितलं न्हवं तुमास्नी?"

मी हो म्हटलं.

आता तू समजलीस. स्वतःच्या भाचीला चुगलखोर ठरवलं मी. तिनं अपूर्वाला लिहिलं, "तू शप्पथ मोडलीस, आता बोलू नको." ते टाइप करायला मी सांगलीला गेलेच नाही. आणि परवा पोरगी घोंगडं घेऊन दारात. तिच्या आईनं लोकर कातली, मामानं विणलं. "अपूर्वा येनार हाय न्हवं? मी लय वंगाळ लिवलं तिला. तिच्यामुळंच डोळा ऱ्हायला. मला साताऱ्याला न्या, मी सोता देते तिला."

म्हणून हे पत्र. अपूर्वाला जरा समजावून आण. ती सगळी पत्रं मीच लिहिली, असं तिनं म्हणावं. काय काय लिहिलं होतं ते मी तिला आधीच सांगून ठेवीन. दोन तासांचा तर प्रश्न आहे. पोरीचं मन राहील

२३ नोव्हेंबर

वरचं वाक्य अर्धंच सोडलंय. पुसत नाही, तुला कळू दे मी काय मागणार होते ते. तेरा वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला शिकवणार होते मी, तेही "पोरीचं मन" राखायला! मन माझं राखायचं होतं. दोष कुणाला देऊ? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

काल स्वप्नालीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि सांगून टाकलं. पहिली दोन अपूर्वाची, बाकीची माझी. पोरगी म्हणाली, "मंजी डोळ्याचं मी तुमास्नीच सांगत हुते?"

"हो."

"आन तुमी कडक हायसा म्हून लिवलेलं?"

"तेही वाचलं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. नाही हसली. म्हणाली, "एस. टी.त मी इचारलं तवा तरी सांगायचं हुतं, बाई." एवढंच म्हणाली. मी रडले गं, पोरीसमोर. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घोंगडं मी तिच्यापुढं ठेवलं, घेऊन जा म्हटलं. दारापर्यंत गेली, परत आली. "तिकडं थंडी लय असती, ते तरी खरं हाय का?"

"ते खरं आहे."

"मग द्या तिला. आईनं तिच्या नावानं कातलंय." आणि गेली. साताऱ्याला यायचं काही बोलली नाही. आज तिचा ग्रंथालयाचा तास होता, आली नाही. तिच्या मैत्रिणीच्या हाती पुस्तक परत पाठवलंय.

तर घोंगडं साताऱ्याला आईकडं ठेवते. अपूर्वाला दे आणि हे सगळं सांग, तिच्या आत्यानं तिच्या नावावर काय काय खपवलं तेही. ती चिडली तर चिडू दे. स्वप्नालीला दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर तिनं स्वतःच्या हातानं लिहाव्यात, मोडक्या मराठीत लिहिल्या तरी चालतील. पाकीट चिकटवून शाळेच्या पत्त्यावर टाका. मी ते न उघडता तिच्या हातात देईन. आणि नाही वाटलं, तर तिला अजिबात आग्रह करू नकोस. शनिवारी तिनं विचारलं आणि काही आलं नसेल, तर नाही आलं, एवढंच मी पोरीला सांगेन.

अनंतला हे पत्र वाचायला दे. तो ओरडेल, ओरडू दे.

यापुढं फक्त आपल्याच नावानं लिहिणारी,
तुझी नणंद
विजयमाला