अमोस पेलचा हंगाम

७ सप्टेंबर १९०३

सगळं बदललं ते डीनच्या दाराची काच फुटली तेव्हा. सामन्यात पंचाला एक ठोसा दिला, तर माफी लिहून द्या म्हणे! दार आपटून निघालो. काच खळ्‌कन खाली. कॉलेजचं तिसरं वर्ष तिथेच संपलं.

आज आयोवातल्या या चिमुकल्या कॉलेजात आलो. रजिस्ट्रार हॅल्व्होर्सन म्हणाले, "पोरांना फुटबॉल शिकवायचा, शनिवारी स्वतःही खेळायचं. खेळायला मात्र विद्यार्थीच हवा. लोणी काढण्याच्या वर्गात जागा आहे."

आणि नाव? माझं नाव तर पेपरांत गाजलेलं.

"ते आम्ही बघतो."

रूफस टॉलिव्हरचा अमोस पेल झालो. खोट्या नावानं खेळाडू सगळीच कॉलेजं आणतात.

१९ सप्टेंबर

चेंडू काखेत घेऊन धावणाऱ्याला अंगावर जाऊन पाडायचं, तर पोरं धक्का द्यायला भितात. माझं लोणी आंबट झालं.

२ ऑक्टोबर

रजिस्ट्रारची मुलगी थिया. वडिलांच्या कचेरीत लिहायला बसते. म्हणाली, "मिस्टर पेल, केस किती वाढवलेत!"

म्हटलं, डोकं फुटू नये म्हणून सगळेच खेळाडू वाढवतात.

"म्हणजे आत जपण्यासारखं आहे काहीतरी!"

दिवसभर तेच आठवतंय. सराव धड घेतला नाही.

२४ ऑक्टोबर

२२–०, जिंकलो. दोन दात हलतायत. थिया कठड्यापाशी उभी होती — बस्स.

७ नोव्हेंबर

थियानं स्वेटर विणून दिला. छातीवर 'अ. पे.' रविवारी चर्चहून परतताना माझ्या हातात हात घालून चालली. "अमोस" म्हणते. हा अमोस पेल भलताच नशीबवान! मला त्याचा हेवा वाटतो.

१५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना कोणाशी, तर माझ्याच जुन्या कॉलेजशी! तिथला प्रत्येक जण मला ओळखतो. एकानं जरी बोंब मारली तरी खेळ खलास. आणि थियाला वाटेल, हा लबाड.

सामना झाला की आपणच सांगायचं. खरं नाव सांगायचं, आणि त्या नावानंच मागणी घालायची.

२६ नोव्हेंबर

चिखल. पहिल्याच झुंबडीत त्यांचा कप्तान डच क्रेगर माझ्या अंगावर. कानाशी म्हणतो, "काय रे टॉलिव्हर, लग्न झालं वाटतं! आडनाव बदललंस ते?"

आता पंचाला हाक मारणार!

नाही मारली. मान वळवून आपल्याच एका धिप्पाड गड्याकडे दाखवलं. "तो बघ, आमचा पहिल्या वर्षाचा 'विद्यार्थी'. घरी बायको, दोन पोरं. गप खेळ."

६–५. आम्ही जिंकलो. पोरांनी खांद्यावर घेतलं. "पेल! पेल!" सगळा गाव ओरडत होता.

२७ नोव्हेंबर

कचेरीत गेलो. थिया एकटीच होती. काच, ठोसा, सगळं सांगितलं. खरं नाव शेवटी.

"माहितीय," ती म्हणाली. "रजिस्टरात पेल मीच लिहिलं. बाबांचं अक्षर वाईट आहे."

आणि हा स्वेटर?

"बाबा म्हणाले होते, फार तापट आहे. थँक्सगिव्हिंगच्या आत चिडून निघून जाता कामा नये." वर पाहिलंच नाही तिनं. "पुढच्या हंगामाचंही विचारणार आहेत तुम्हाला, मिस्टर टॉलिव्हर."

स्वेटर काढला. घडी करून खुर्चीवर ठेवला. बाहेर आलो.

त्याही दाराला काच होती. हळूच लावून घेतलं.